गठाणीला फोर्कलिफ्ट, पोत्याला पाठ

यवतमाळ जिल्ह्यात ओझे उचलण्याचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि उन्हे तापू लागली की ओसरतो. आधी सोयाबीन, मग कापूस, त्यामागून तूर आणि हरभरा. सोळा तालुक्यांतला हा माल शेतातून घरी येतो, घरून बाजार समितीत जातो, तिथून जिनिंगमध्ये किंवा गोदामात आणि पुढे रेल्वेच्या मालधक्क्यावर. तोवर तो किती वेळा उचलला गेला आणि किती वेळा ठेवला गेला, याची नोंद कुठल्या वहीत नसते. शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीवर आणि व्यापाऱ्याच्या बिलात मात्र ती निराळ्या नावांनी उमटते: हमाली, तोलाई, वाराई. उचलण्याचे पैसे, वजन करण्याचे पैसे आणि आलेली गाडी खाली करण्याचे पैसे. मालाची किंमत यातल्या कुठल्याच कामाने वाढत नाही, खर्च तेवढा वाढतो.

हा खर्च आणि त्यामागचे कष्ट कमी करण्यासाठी जगाने जी यंत्रे शोधली त्यांत फोर्कलिफ्टचा मान मोठा. पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत ती इतकी रुळली आहे की तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. यवतमाळ जिल्ह्यात ती आली आहे, पण ठरावीक आवारांपुरती. एका फाटकाच्या आत ती सुसाट फिरते आणि त्याच फाटकाबाहेर माणूस पाठीवर कट्टा घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो. ‘यंत्र महाग, मजूर स्वस्त’ हे याचे नेहमीचे उत्तर. ते अर्धेच खरे आहे.

यंत्राची कुळकथा आधी थोडक्यात सांगतो. १९०६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेलरोडने अल्टूना येथे प्रवाशांचे सामान हलवण्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या सपाट गाड्या वापरल्या. त्या ओझे वाहत, उचलत नसत. १९१७ मध्ये मिशिगनमधल्या क्लार्क कंपनीने स्वतःच्याच कारखान्यातला माल फिरवण्यासाठी ‘ट्रकट्रॅक्टर’ नावाची गाडी बनवली. ती पाहायला येणारे लोक तीच विकत मागू लागले आणि कंपनीचा धंदाच बदलला. १९२३ मध्ये येल अँड टाऊनने पुढे दोन काटे आणि ते वर नेणारा उभा खांब असलेली विजेवरची गाडी आणली. आजच्या फोर्कलिफ्टचा चेहरामोहरा तिथे ठरला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची रसद लाकडी पॅलेटवर रचून, फोर्कलिफ्टने जहाजांत चढवून जगभर गेली आणि युद्ध संपल्यावर ही पद्धत कारखान्यांनी उचलली. १९५६ मध्ये जपानच्या टोयोटाने आपली पहिली फोर्कलिफ्ट काढली. त्याच वर्षी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजातून कंटेनर वाहतुकीचा पाया घातला गेला. आपल्याकडे १९६० च्या दशकात गोदरेजने फोर्कलिफ्ट बनवायला घेतली. व्होल्टासही या धंद्यात होती आणि २०११ मध्ये तिने जर्मनीच्या किऑनशी भागीदारी केली.

या कथेत फोर्कलिफ्टला नायक करण्याची पद्धत आहे. माझ्या मते मानाचा तुरा पॅलेटच्या, म्हणजे त्या चार-पाच फळ्यांच्या साध्या लाकडी पाटाच्या डोक्यावर हवा. काटे घालायला खालून फट असलेले, ठरावीक मापाचे काही तरी मालाखाली असल्याशिवाय फोर्कलिफ्ट ही निव्वळ अवजड आणि महागडी गाडी आहे. युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी १९६१ मध्ये ८०० बाय १२०० मिलिमीटरचा पॅलेट प्रमाण मानला आणि एका देशात रचलेला माल दुसऱ्या देशात न उलगडता उतरू लागला. कमाल मापाच्या एकमताची होती, यंत्राची नंतर. यवतमाळचे कोडे इथूनच उलगडायला लागते.

फोर्कलिफ्टची रचना समजायला बैलगाडी पाहिलेल्या माणसाला वेळ लागू नये. बंडीत मागे जास्त ओझे भरले की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैल लटकतात. म्हणून जुना गाडीवान ओझे आखावर तोलून भरायचा. फोर्कलिफ्टमध्ये हेच गणित उलट्या तोंडाने आहे. ओझे पुढच्या चाकांच्याही पुढे, हवेत. ते तोलायला मागे बिडाचे भरीव वजन बसवलेले असते आणि पुढची चाके तराजूच्या आसासारखी मध्ये. तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन म्हणूनच चार टनांच्या वर जाते. विजेवरच्या गाडीत जड बॅटरीही तोलाच्या कामी येते.

यातली खोच ‘किती टनांची’ या प्रश्नात आहे. दोन टनांची गाडी म्हणजे दोन टन कुठेही उचलणारी गाडी नव्हे. मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असेल तर दोन टन, असा त्या आकड्याचा अर्थ. समजा पुढच्या आसापासून काट्याचे मूळ ४५० मिलिमीटर पुढे आहे. मग दोन टनांचा उलथवण्याचा जोर दोन हजार गुणिले ०.९५, म्हणजे १९०० किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) होतो. माल लांबट असून मध्य ७५० मिलिमीटरवर गेला तर तोच जोर १५८३ किलोंतच गाठला जातो. चारशे किलो हवेत विरले, आणि गाडीच्या पाटीवर मात्र दोन टनच लिहिलेले आहे. खांब जितका उंच जाईल तितकी ही क्षमता आणखी उतरते. प्रत्येक यंत्रावर या उतरंडीचा तक्ता ठोकलेला असतो. तो वाचता येणे म्हणजेच निम्मी फोर्कलिफ्ट चालवता येणे.

आणखी दोन गोष्टी. काटे वर जातात ते हायड्रॉलिक दट्ट्या आणि साखळीच्या जोरावर. साखळी अशी ओवलेली असते की दट्ट्या एक फूट चढला की काटे दोन फूट चढतात. आणि ही गाडी मागच्या चाकांनी वळते. मोटार चालवणाऱ्याची इथे हमखास फसगत होते, कारण वळताना पुढचा भाग जागच्या जागी फिरतो आणि शेपूट बाहेर झाडू मारते. शेजारी उभा असलेला माणूस धडकतो तो बहुधा या शेपटीला.

आता यवतमाळ. इंग्रजांच्या दफ्तरी १९०५ पर्यंत हा ‘वून’, म्हणजे वणी जिल्हा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, पण तिचा मार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडून गेला. यवतमाळच्या कापसाला रेल्वे भेटायची ती धामणगावला. तिथवर बंड्यांच्या रांगा. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीच्या कारभारात मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे आली, तीच आपली शकुंतला. ती आली कापसासाठी. माणसांची सोय हा तिचा जोडधंदा होता. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. आज तिच्याविषयी हळवे होऊन बोलणारे पुष्कळ आहेत, तिच्या डब्यांत गठाणी कोणी चढवल्या हे विचारणारे थोडे. रुईची गठाण मुंबईच्या व्यवहारात ३९२ पौंडांची, म्हणजे अर्धी खंडी, पावणेदोन क्विंटलच्या वर. तिला लोखंडी आकडे रुतवून, लोळवत, फळीवरून रेटत डब्यात घालणे हे टोळीचे काम होते आणि त्या टोळ्यांची नावे कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाहीत.

आजची गठाण १७० किलोंची. साधारण पाच क्विंटल कापसातून एक गठाण रुई निघते, बाकी सरकी. एखाद्या आधुनिक जिनिंगच्या आवारात जानेवारीत उभे राहून पाहिले तर फोर्कलिफ्ट कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे एकाच ठिकाणी दिसते. फाटकातून कापूस येतो तो मोकळा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाही तर मेटॅडोरमध्ये कोंबलेला. त्याला ना आकार ना माप. तिथे काट्यांचे काही काम नाही. तो ओढून काढायला माणसे, गंजीवर ढकलायला ट्रॅक्टरला जोडलेला लोडर, गंजीवरून रेच्यांपर्यंत (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांपर्यंत) न्यायला शोषक पाइप किंवा पट्टा. पुढे रुई प्रेसमध्ये जाते, दाबली जाते, तारा आवळल्या जातात आणि दुसऱ्या बाजूने एक घट्ट चौकोनी ठोकळा बाहेर पडतो. या क्षणापासून मालाला आकार आला, वजन ठरले, नंबर पडला. आणि याच क्षणापासून फोर्कलिफ्टचे राज्य सुरू होते.

पण काटे गठाणीत खुपसायचे नसतात. खुपसले तर वरचे कापड फाटते, माती आत जाते आणि रुईची प्रत घसरते. भारतीय रुईचे नाव जगाच्या बाजारात कचरा आणि परक्या धाग्यांपायी पुरेसे खराब झालेले आहे, त्यात भर नको. म्हणून काट्यांच्या जागी दोन रुंद पंजे बसवतात. याला बेल क्लॅम्प म्हणतात. ऑपरेटर पंजे उघडून गठाणींच्या जोडीच्या दोन अंगांना आणतो, दाब देतो, गठाणी किंचित चेपल्या जातात. मग खांब मागे कलवतो, जमिनीपासून वीतभर उचलतो आणि पुढचे दिसत नसेल तर गाडी उलटीच चालवत थप्पीकडे नेतो. पंजांचे स्वतःचे वजन काही शे किलो असते आणि ते मालाला आणखी पुढे ढकलतात, म्हणजे मघाचे गणित पुन्हा आडवे येते. तरी दोन गठाणींचे ३४० किलो किंवा चारांचे ६८० किलो तीन टनांच्या गाडीला जड नाहीत. शंभर गठाणींचा एक लॉट म्हणजे सतरा टन, एका मोठ्या ट्रकचा माल. हातांनी भरायला हमालांची टोळी आणि दिवसाचा मोठा भाग लागतो. पंजेवाली गाडी तो काही तासांत भरते, आणि त्यात कोणाची कंबर जात नाही.

मग सगळ्या जिनिंगांत ती का नाही? पहिले कारण पायाखाली आहे. ज्या काळ्या मातीत पऱ्हाटी पिकते ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पातळ कोबा टाकला तर दोन-तीन वर्षांत त्याचे तुकडे पडतात. घरात ते चालते, फोर्कलिफ्टखाली चालत नाही. तीन टन उचललेल्या गाडीचे एकूण वजन सात टनांच्या वर जाते आणि त्यातले बहुतेक पुढच्या दोन चाकांवर येते. एका चाकाखाली तीन टनांहून जास्त, म्हणजे भरलेल्या मालट्रकच्या एका चाकाहून कमी नाही. फरशी एका बाजूला बोटभर खचली तरी वर तीन-चार मीटर उंचीवर असलेली गठाण चांगलीच कलते. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मधला बिंदू या त्रिकोणाबाहेर तोल गेला की गाडी कोणाचेच ऐकत नाही. तेव्हा काळी माती खणून काढा, मुरूम भरा, दाबा, मग जाड काँक्रीट टाका. आवार पक्के करण्याचा हा खर्च यंत्राच्या किमतीत कोणी धरत नाही आणि शेजाऱ्याने यंत्र आणले म्हणून आपणही आणणारा इथेच फसतो. केंद्र सरकारच्या २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात बाजार आवारे आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली. त्यातून पक्की झालेली आवारे हाच आज जिल्ह्यात फोर्कलिफ्टला खरा आधार आहे.

दुसरे कारण हंगाम. जिनिंग चालते चार-पाच महिने. उरलेले सात-आठ महिने यंत्र उभे, आणि बँकेचा हप्ता मात्र बारमाही. भाड्याने यंत्र घेणे हा त्यावरचा साधा उपाय, पण हंगामात सगळ्यांना ते एकाच वेळी हवे असते. ट्रॅक्टरचे तसे नाही. तोच ट्रॅक्टर लोडर लावून कापूस ढकलतो, उन्हाळ्यात नांगरतो, लग्नसराईत वऱ्हाड नेतो. शहाणा जिनिंगवाला आधी ट्रॅक्टर घेतो यात नवल नाही.

तिसरी गोष्ट आगीची, आणि तिच्याबाबत मी थोडा हट्टी आहे. रुई पेटते तेव्हा भडका दिसतोच असे नाही. गठाणीच्या पोटात ती तासन्‌तास धुमसत राहते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटात दारूगोळ्यासोबत कापसाच्या गठाणीही होत्या आणि आग हाताबाहेर जाण्यात त्यांचा वाटा होता. जिनिंगच्या आवारात डिझेलची फोर्कलिफ्ट फिरवायची तर धुराड्याला ठिणगीरोधक हवाच, आणि इंजिनाभोवती साचणारे तंतू दर पाळीला झाडायला हवेत. बिनधुराची विजेवरची गाडी इथे जास्त योग्य. तिचीही बॅटरी रुईच्या थप्पीजवळ चार्जिंगला लावायची नाही, ही अट आली. चार्जिंगसाठी वेगळी, हवेशीर खोली बांधायला जागा आणि पैसा लागतो. बांधत नाहीत.

गठाणीचे झाले, आता पोते. इथे फोर्कलिफ्टचे गाडे खरोखर रुतते.

बाजार समितीच्या शेडमध्ये सोयाबीनचे कट्टे येतात ते वेगवेगळ्या मापांचे, काही शिवलेले, काही सुतळीने नुसते बांधलेले. शेतकऱ्याने घरी भरले, ट्रॉलीत टाकले. लिलावासाठी ते जमिनीवर ओतले जातात, वजनासाठी पुन्हा भरले जातात, आणि व्यापाऱ्याच्या गोदामात थप्पी लागते. ओतणे आणि भरणे यांच्या मध्ये पॅलेट शिरायला जागाच नाही. राज्य वखार महामंडळाच्या किंवा खासगी गोदामांत थप्पीखाली लाकडी जाळ्या असतात, पण त्या ओल लागू नये म्हणून. काटे घालून थप्पीचा एक थर उचलावा, अशी त्यांची घडण नसते. पोती थेट एकमेकांवर रचली की गोदामाच्या जागेचा कण न्‌ कण वापरला जातो. पॅलेटवर रचली तर फोर्कलिफ्टला फिरायला रुंद गल्ली सोडावी लागते आणि तेवढ्याच शेडमध्ये माल कमी मावतो. गोदामाचे भाडे पोत्यांवर मिळत असेल तर मालक गल्ली का सोडेल?

खतांचे उदाहरण आणखी बोलके. यवतमाळ जिल्ह्याचे खत वर्षानुवर्षे धामणगावच्या रॅक पॉइंटवर उतरत आले आहे. पूर्ण रॅक साधारण २६०० टनांची. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोंची झाली, म्हणजे एका रॅकमध्ये ५७ हजारांहून जास्त गोण्या. रेल्वेने ठरवून दिलेल्या तासांत त्या खाली झाल्या नाहीत तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. हमालांची फौज वाघिणींत शिरते आणि एकेक गोणी डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये टाकते. हीच गोणी पुढे जिल्ह्याच्या गोदामात एकदा, कृषी केंद्राच्या दारात पुन्हा एकदा आणि शेतकऱ्याच्या गाडीत आणखी एकदा उचलली जाते. कारखान्यातून पॅलेटवर पाठवायची म्हटली तर प्रत्येक पॅलेटचे वजन आणि जागा वाघिणीत खाणार, आणि रिकामे पॅलेट परत कोण नेणार? युरोपात ते परत येतात कारण एकाच मापाचे पॅलेट अदलाबदलीने फिरवण्याची व्यवस्था तिथे उभी राहिली आहे. आपल्या कृषी केंद्राच्या दारात गेलेल्या लाकडी पॅलेटचे संध्याकाळपर्यंत बाकडे किंवा सरपण होईल. पोत्याच्या जागी टनभराची जंबो बॅग आणली तर फोर्कलिफ्ट ती लीलया उचलते, पण पाच एकरवाल्या शेतकऱ्याला टनभर युरिया एका पिशवीत देऊन चालत नाही. मोठ्या गोदामापर्यंत जंबो बॅग आणि तिथे लहान गोण्या भरणे, हा मधला मार्ग मात्र करून पाहण्यासारखा आहे.

जिल्ह्यातल्या बड्या उद्योगांविषयी फार लिहायला नको, तिथले चित्र देशात इतरत्र आहे तसेच. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. सूत, रंग आणि कापडाचे तागे हाताळायला अशा कारखान्याला फोर्कलिफ्ट आणि स्टॅकर लागतातच. वणी तालुक्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उकणी, जुनाड, कोलार पिंपरी या खाणी आहेत. कोळशाला काटे लावून उपयोग नसतो, तिथे शॉव्हेल आणि डंपर. फोर्कलिफ्टचे काम खाणीच्या स्टोअरमध्ये आणि वर्कशॉपमध्ये, टनाच्या घरातले डंपरचे टायर, पिंपे आणि सुटे भाग हलवण्याचे. झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा सिमेंट कारखाना २०२२ पासून चालू आहे. सिमेंट कारखान्यात पोते पॅकरमधून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून ट्रकमध्ये जाते, माणसाचा हात जेमतेम लागतो. पण तोच ट्रक नेर किंवा घाटंजीच्या दुकानापुढे उभा राहिला की पन्नास किलोंचे पोते पुन्हा माणसाच्या डोक्यावर. एका टोकाला एकविसावे शतक, दुसऱ्या टोकाला वाराईवरून हुज्जत.

हमालाची बाजू मांडल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा देशात आपल्या तऱ्हेचा पहिला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची माथाडींची चळवळ होती. मालक रोज बदलतो, काम रोज बदलते, तेव्हा भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस द्यायचा कोणी, या प्रश्नावर कायद्याने मंडळे काढली आणि मजुरीवर लेव्ही लावून ते पैसे मंडळाकडे जमा केले. हा कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. कापूस एकाधिकार खरेदीही त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ पासून. हमालाला संरक्षण आणि कापसाला सरकारी गिऱ्हाईक, या दोन्ही निर्णयांची मुळे यवतमाळच्या माणसाच्या कारकिर्दीत आहेत, हे जिल्ह्यातही फारसे कोणी आठवत नाही.

ओझ्याचे वजन कमी करण्याची लढाई वेगळी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली. आपल्या बाजारांत तेव्हा शंभर किलोंची पोती पाठीवर चढत होती आणि ती पन्नासवर आणण्यासाठी पुण्याच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांना आणि पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांना दीर्घकाळ झगडावे लागले. १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ३४ इजा होईल इतके ओझे उचलायला लावू नये असे सांगत होते. कारखान्याच्या फाटकाबाहेर, बाजाराच्या आवारात आणि रेल्वेच्या धक्क्यावर ते कलम पोचले नाही.

यंत्र आल्यावर माथाडी कोणाला म्हणायचे, हा वाद महाराष्ट्रात न्यायालयांपर्यंत आणि विधिमंडळापर्यंत गेला आहे. कारखानदार म्हणतात, माल फोर्कलिफ्ट उचलते, मग लेव्ही कसली? संघटना म्हणतात, यंत्राच्या नावाखाली आमची नोंदच पुसली जाते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. हात न लावता वाराई मागणारे महाभाग आहेत, तसे एक फोर्कलिफ्ट दाखवून वीस हमालांचे हक्क बुडवणारेही आहेत. माझा कल हमालाकडे झुकतो, आणि त्याचे कारण भावनिक नाही. थप्पी कशी लावावी, कुठला कट्टा कुठे ठेवला तर ढासळेल, ओले पोते हाताला कसे लागते, हे ज्ञान त्याच्याकडे आहे. फोर्कलिफ्ट चालवायला हेच ज्ञान लागते. गाडी पुढेमागे करणे त्यापुढे सोपे. प्रत्यक्षात मात्र ऑपरेटर बाहेरून येतो, बऱ्याचदा जेसीबीवर हात बसलेला, आणि टोळीतला तरुण खाली उभा राहून त्याला हात दाखवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत फोर्कलिफ्ट बांधकाम-यंत्र वाहनांच्या व्याख्येत येते, पण ती चालवायला रस्त्यावरचा परवाना पुरत नाही. क्षमतेचा तक्ता वाचणे, मागचे वळण, उतारावर माल चढाच्या बाजूला ठेवणे आणि गाडी कलंडू लागली तर उडी न मारता पट्टा बांधून आत बसून राहणे, हे शिकवावे लागते. उडी मारणाराच खांबाखाली सापडतो.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. जिनिंगच्या आवारात कापूस निवडणाऱ्या, टोपल्यांतून वाहणाऱ्या बायका मोठ्या संख्येने असतात. प्रेसिंगच्या ज्या भागात रुई मोकळी करणारे यंत्र चालते तिथे कारखाने कायद्याच्या कलम २७ ने त्यांना मज्जाव केला होता. हमाली तर पुरुषांचीच समजली जाते, कारण ओझे. फोर्कलिफ्टच्या सीटवर बसायला पन्नास किलो उचलण्याची ताकद लागत नाही. ती सीट बाईला द्यायला अडते ते फक्त सवयीने.

वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आहे आणि पुढचे काम चालू आहे. ही लाइन यवतमाळला पोचली की जिल्ह्याचा कापूस, खत आणि धान्य धामणगावचा फेरा वाचवून इथेच चढेल आणि उतरेल. मालधक्क्याची फरशी, उतार आणि शेड यांचे आराखडे कागदावर असतानाच बदलता येतात, काँक्रीट पडल्यावर नाही. म्हणून बाजार समित्यांचे संचालक, जिनिंगवाले आणि हमालांच्या संघटना यांना एक मागणे आहे. वाघिणीच्या पातळीचा पक्का धक्का, खाली मुरूम भरून घातलेले जाड काँक्रीट आणि फोर्कलिफ्ट फिरेल एवढी गल्ली एकत्र जाऊन रेल्वेकडे आताच मागा. आणि यवतमाळच्या आयटीआयमध्ये फोर्कलिफ्टचा छोटा वर्ग काढायला लावा; त्यातल्या पहिल्या जागा हमालांच्या टोळ्यांतल्या मुलामुलींसाठी राखून ठेवा.